बेल वाजवू नये

समोरचा दात मार लागून निखळला की माणूस पहिल्यांदा आरशाकडे धावतो. सुजलेला ओठ, रक्त, दातांच्या रांगेतली ती मोकळी जागा, सगळं निरखून बघतो. दात मात्र अंगणात नाहीतर रस्त्यावर पडलेला असतो आणि त्याच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. ओठ चार दिवसांत भरून येतो. दाताकडे तेवढा वेळ नसतो.

चौतीस वर्षं मी नाशकात, पंचवटीत, पेठ नाक्यापासून हाकेच्या अंतरावर दातांचा दवाखाना चालवला. खाली दवाखाना, वर घर. या दिवाळीनंतर तो बंद करतेय. मान डावीकडे वळत नाही, उजव्या हाताचा अंगठा सकाळी तासभर माझं ऐकत नाही, आणि खरं सांगायचं तर आता दुसऱ्याच्या तोंडात डोकावायचा कंटाळा आलाय. या दिवाळी अंकासाठी संपादकबाईंनी ‘काहीतरी गमतीजमती लिहा’ असं सांगितलं. गमतीचं जे थोडंफार आहे ते आधी सांगून मोकळी होते.

सुरुवातीची काही वर्षं पेशंट आत यायचे, माझ्याकडे बघायचे आणि विचारायचे, “डॉक्टर कुठं गेलेत?” मीच डॉक्टर म्हटलं की दुसरा प्रश्न ठरलेला, “दाढ काढायची आहे हो बाई, जोर पुरेल का?” दाढ जोरानं निघत नाही, ती हळूहळू सैल करून काढायची असते, हे मी इतक्या लोकांना सांगितलंय की त्यातच माझा निम्मा जोर गेला असेल. पुढं लोक मला ओळखायला लागले. मग ‘बाईंचा हात हलका आहे’ असं म्हणायला लागले. हात तोच होता.

तर पडलेला दात. मोठ्या माणसाचा पक्का दात मुळासकट बाहेर आला, तर तो परत बसवता येतो. हे अजून कित्येकांना माहीत नाही आणि सांगितलं तर खरं वाटत नाही. दाताच्या मुळावर दुधावरच्या सायीसारखा एक पातळ पापुद्रा असतो. तो जिवंत असतो आणि दाताला हाडात धरून ठेवण्याचं सगळं काम त्याचं. दात कोरडा पडला की हा पापुद्रा अर्ध्या तासात मरायला लागतो आणि तासाभरात जवळजवळ संपतो. म्हणून दात उचलायचा तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून, मुळाला बोट न लावता. माती लागली असेल तर दुधानं किंवा साध्या पाण्यानं क्षणभर खळखळून घ्यायचा, घासायचा अजिबात नाही. आणि हिंमत असेल तर तिथल्या तिथं त्याच्या खोबणीत परत बसवायचा, वर स्वच्छ रुमाल चावून धरायचा आणि दवाखाना गाठायचा. हिंमत नसेल तर वाटीभर गार दुधात टाकून आणायचा. दूधही नसेल तर स्वतःच्याच गालात, दात आणि गालाच्या मध्ये धरून यायचं, फक्त गिळायचा नाही. लहान मुलांचे दुधाचे दात यात धरायचे नाहीत. ते पडले की परत बसवू नयेत, पण मुलाला दाखवायला आणावं.

एवढं साधं आहे. पण माणसं साधं करत नाहीत, आपापल्या परीनं चांगलं करतात.

सातपूरच्या एका कारखान्यात फिटर असलेले एक गृहस्थ होते. पाना सटकून त्यांच्या तोंडावर बसला आणि समोरचा दात बाहेर आला. आयुष्यभराची सवय अशी की मशिनचा पार्ट खाली पडला तर साफ केल्याशिवाय परत लावायचा नाही. त्यांनी तो दात पॉलिश पेपरनं घासला, स्पिरिटनं पुसला, हवा मारून सुकवला आणि प्लॅस्टिकच्या पुडीत घालून वर वेळ लिहून आणला. “मॅडम, एकदम रेडी आहे, फक्त फिट करा,” म्हणाले. इतका स्वच्छ दात मी जन्मात पाहिला नव्हता. आणि इतका मेलेलाही. ते गृहस्थ इतके खूश होते की पापुद्र्याची गोष्ट त्यांना सांगताना माझीच जीभ अडखळली.

याच्या उलट आमच्या जवळच्या एका उपाध्यायांच्या घरचं. त्यांचा विशीतला नातू घाटाच्या ओल्या पायरीवरून घसरला आणि दात हातात आला. घरात वाद सुरू झाला. कापलेलं नख, कापलेला केस परत अंगाला लावत नाहीत, मग पडलेला दात मंत्र म्हणायच्या तोंडात परत कसा घालायचा? शेवटी आजोबांनी निकाल दिला, आधी शुद्धी. दात गाईच्या दुधात बुडवून ठेवला. मग वाद पुन्हा सुरू झाला तो माझ्या खुर्चीपर्यंत चालू होता. मी म्हटलं, “आजोबा, शास्त्र तुमच्याच बाजूनं आहे, पण आता त्याला तोंड उघडू द्या.” तो दात माझ्या हातून बसलेल्या दातांपैकी सगळ्यात उत्तम. अजून जागेवर आहे, आणि श्रेय आजोबा घेतात. घेऊ देत.

गमतीजमती संपल्या. आता पाटीबद्दल.

माझ्या धंद्यात सकाळी नऊ ते एक आणि संध्याकाळी साडेचार ते नऊ अशा वेळा असतात. मधले साडेतीन तास माझे. जेवायचं आणि झोपायचं. ही झोप मला फार प्यारी होती. सकाळी साडेपाचला उठून घरचं सगळं उरकून, चार तास वाकून उभं राहिल्यावर दुपारी पाठ टेकली की जो आराम वाटायचा, तसा मला सणावारीही कधी वाटला नाही. पण दवाखान्याच्या दाराला बेल होती आणि तिचा आवाज थेट वरच्या खोलीत यायचा. एकदा अडीच वाजता बेल वाजली म्हणून धावत खाली आले. दारात आदल्या दिवशी कवळी घेऊन गेलेले एक काका उभे. म्हणाले, “काही नाही, नवीन कवळीनं सुपारी फोडली तर चालेल का, एवढंच विचारायचं होतं.” मी त्यांना जे बोलले ते इथं छापता येणार नाही. त्याच आठवड्यात रंगाऱ्याकडून पाटी करून घेतली. पांढऱ्यावर निळी अक्षरं: ‘दुपारी १ ते ४.३० दवाखाना बंद. बेल वाजवू नये.’

अक्षर फार सुरेख आलं होतं. माझा नवरा सुधीर म्हणाला, “कृपया तरी घाल त्यात.” मी म्हटलं, कृपया घातलं की लोक वाजवतात.

पाटी लागली आणि दुपारी शांतता झाली. दहा वर्षं मी गाढ झोपले.

आठ वर्षांपूर्वी, द्राक्षं काढणीचे दिवस होते. पेठकडच्या डोंगरातली माणसं त्या दिवसांत बागांच्या कामाला इकडे येतात. आमच्या नाक्यावर सकाळी टेम्पोची वाट बघत उभी असतात, त्यामुळं येता-जाता रोज दिसायची. दिसायची म्हणजे गर्दी म्हणून दिसायची. त्यांच्यातलं कोणी कधी दवाखान्यात येत नसे. दात दुखला तर तिकडेच काहीतरी पाला लावत असतील.

त्या दुपारी सव्वाचारला माझी मदतनीस मंदा दवाखाना उघडायला आली आणि तिनं खालून हाक मारली, “मॅडम, लवकर या.” मंदाचा आवाज सहसा चढत नाही. मी केस बांधत खाली आले. दाराबाहेरच्या पायरीवर एक बाई आणि सोळा-सतरा वर्षांची मुलगी बसली होती. मुलीनं ओढणीचा बोळा तोंडाला लावला होता, तो लाल होऊन वाळूनही गेला होता. मला बघून बाई उठली, तिनं पदराची गाठ सोडली आणि आतून एक दात काढून माझ्यासमोर धरला.

“बाय, पोरीचा दात पडला. सांबाळून ठिवलाय बघा.”

वरचा, समोरचा, अख्खा, मुळासकट. जराही तुटलेला नव्हता. पदरात गुंडाळून राहिल्यानं मूळ कोरडं पडून पिवळट झालं होतं. मी विचारलं, “केव्हा पडला?”

“भाकर खायाच्या आदी, मखमलाबादच्या बागंत. गाडीवरून द्राक्षाचं कॅरेट सरकलं, भरलेलं. तोंडावर बसलं तिच्या.”

म्हणजे एकच्या सुमाराला. मखमलाबादची बाग, तिथून टेम्पोनं माझ्याकडे यायला पंधरा मिनिटं. मला संताप आला. माझा स्वभावच तसा आहे, आणि धंद्यानं तो सुधारला नाही. मी ओरडले, “मग इतका वेळ काय करत होता? तीन तास? आणि असा कोरडा गुंडाळून ठेवतात का दात? लगेच यायला काय झालं होतं?”

बाई गोंधळली. “लगीच तर आलो. मघाचेच बसलोत हितं. तुमी निजल्या व्हत्या.”

“मग बेल नाही का वाजवायची?”

“मी म्हनलं हिला, दाब ती घंटी. ही म्हनं, नको आई, लिवलंय तिथं.”

मुलीनं बोळा न काढता मान वळवली आणि पाटीकडे बोट दाखवलं. सुरेख निळ्या अक्षरांकडे. ती अकरावीला होती, आश्रमशाळेत शिकलेली, घरातली पहिली वाचणारी. आईला वाचता येत नव्हतं, तिनं बेल दाबली असती. मुलीला वाचता येत होतं आणि शाळेनं तिला जे लिहिलंय ते पाळायला शिकवलं होतं. ती पावणेदोनपासून माझ्या पायरीवर बसून होती, दात आईच्या पदरात वाळत होता, आणि मी त्यांच्या डोक्यावर बारा फुटांवर पंख्याखाली झोपले होते.

मुलीचं नाव सविता. आईचं हौसाबाई.

मी तिला खुर्चीत घेतलं. अशा वेळी दोन वाटा असतात. दात फेकून द्यायचा आणि पुढं कृत्रिम बसवायचा, किंवा मेलेला का होईना, परत जागेवर बसवायचा. पापुद्रा मेलेला असला तरी हाड त्याला चिकटतं. पण ते चिकटणं प्रेमाचं नसतं. हाड हळूहळू मूळ खात जातं आणि त्या जागी स्वतः वाढतं. पाच वर्षं जातात, कधी आठ. मग वरचा भाग तुटून हातात येतो. सोळा वर्षांच्या मुलीला मोठं होईपर्यंत स्वतःचा दात असावा, जबड्याचं हाडही टिकावं, म्हणून मी बसवायचं ठरवलं. शेजारच्या दातांना बारीक तारेनं बांधला, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला समोरच्या डॉक्टरांकडे पाठवलं, दहा दिवसांनी रूट कॅनॉल केलं. काम चांगलं झालं. कोणालाही दाखवावं असं.

तार बांधून झाल्यावर तिनं आरसा मागितला. बघितलं. मग जड ओठानं विचारलं, “कायमचा बसला ना, मॅडम?”

मी तिला खरं सांगितलं. काही वर्षं राहील, मग जाईल.

“का जाईल?”

“उशीर झाला म्हणून,” मी म्हटलं.

उशीर कोणामुळं झाला ते मी म्हटलं नाही. आधी त्यांच्यावर ओरडले होते, तेही मागे घेतलं नाही. हौसाबाई उठताना माझ्या पाया पडली आणि मी पडू दिलं. या ओळी लिहिताना आजही मान खाली जाते.

दुसऱ्या दिवशी रंगाऱ्याला बोलावलं. नवी पाटी केली: ‘पडलेला दात घेऊन आला असाल तर बेल वाजवा. केव्हाही. वाजत राहू द्या.’ रंगारी म्हणाला, “मॅडम, जुनी बरी होती, लोक आता त्रास देतील.” तो बरोबर होता. पुढच्या आठ वर्षांत खरोखर पडलेला दात घेऊन दुपारी चौघं आले. बाकी सगळे हललेली दाढ, निघालेली कॅप, हरवलेली पावती, आणि एकदा तर चुकीच्या पत्त्यावर आलेलं सिलिंडर. प्रत्येक वेळी मी पायात चप्पल न घालता जिना उतरले. हळूहळू असं झालं की बेल वाजली नाही तरी मी जागी असायचे. एक वाजता जेवायचं, दीडला आडवं व्हायचं आणि छताकडे बघत जिन्याकडे कान लावायचा. साडेचारला उठायचं. सुधीर म्हणायचा, “अगं, खाली कोणी नाहीये.” मी म्हणायचे, “तेव्हाही तुला असंच वाटलं असतं.” माझा थकवा वयाचा आहे असं डॉक्टर म्हणतात. थोडा वयाचा असेल.

सविता दर सहा महिन्यांनी यायची. मीच सांगितलं होतं. पेठहून बसनं यायची, सकाळच्या वेळात, नंबर लावून बसायची. मी तिच्या त्या दातावर आरशाच्या दांड्यानं हलकेच ठोकायचे. जिवंत दाताचा आवाज बसका येतो, हाडाला चिकटलेल्याचा खणखणीत, कपाला चमचा लागल्यासारखा. पहिल्या वर्षातच तो खणखणीत आवाज आला. एक्स-रेत दर वेळी मूळ आधीपेक्षा थोडं कमी दिसायचं. मी एक्स-रे उजेडासमोर धरायचे, “ठीक आहे,” म्हणायचे आणि खाली ठेवायचे. ती बारावी झाली. नर्सिंगला गेली. तिकडच्याच सरकारी दवाखान्यात लागली. दर वेळी थोडी जास्त बोलायला लागली, थोडी जास्त माझ्या डोळ्यांत बघायला लागली. मला एक वाक्य बोलायचं होतं, ते दर वेळी पुढच्या खेपेवर जायचं.

या वर्षी उन्हाळ्यात, एका दुपारी, मी नेहमीसारखी वर पडले होते. बेल वाजली नाही. चारला कंटाळून उठले, चहा घेतला आणि जरा लवकरच खाली येऊन दार उघडलं. पायरीवर सविता बसली होती. त्याच जागी, भिंतीला पाठ लावून, मांडीवर पर्स. मला बघून उठली आणि हसली. समोर मोकळी जागा होती. तिनं पर्समधून कागदाची घडी काढली. आत दाताचा वरचा भाग होता. मूळ नव्हतंच.

“सकाळी पेरू खाताना आला हातात,” ती म्हणाली. “दुखलं नाही काही.”

“किती वेळ बसली आहेस?”

“झाले असतील दोन तास. दोनच्या आसपास पोचले.”

मी पाटीकडे बघितलं. पाटी होती, अक्षरं होती, बेल होती. आठ वर्षं जिच्यासाठी कान लावून पडले, तीच खाली बसलेली. मी तिच्या शेजारी पायरीवर बसले. आणि ते वाक्य मग आपोआप तोंडातून आलं.

“सविता, हा दात माझ्यामुळं गेला. त्या पाटीमुळं.”

“माहितीये, मॅडम,” ती म्हणाली.

“कधीपासून?”

“नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकवलं ना. कोरडा दात, एक तास. त्या दिवशी हॉस्टेलवर लय रडले.” तिनं कागदाची घडी परत नीट घातली. “मग पुढच्या सुट्टीत आले तर तुम्ही एक्स-रे बघत होत्या. तुमचं तोंड बघितलं. म्हटलं, यांना माहितीये. मग काय बोलायचं.”

समोर नाक्यावर पेठची बस लागली होती. कंडक्टर ओरडून माणसं गोळा करत होता.

“मग आज तरी बेल का नाही वाजवलीस?” मी विचारलं. “आता तर स्पष्ट लिहिलंय.”

“वाचलं ना मी. पण आज कसली घाई?” ती म्हणाली. “हा तर तेव्हाच मेला होता. जिवंत असता तर दार तोडलं असतं. म्हटलं, झोपू द्यावं तुम्हाला.”

मी झोपले नव्हते, हे मी तिला सांगितलं नाही.